आबेनाचा केक

"केळी कुठं गेली?" गव्हाच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून उषाबाईंनी विचारलं.

"ती काळी ठिक्कर पडलेली? गायीला घातली की," धाकटी जाऊ सोनूबाई म्हणाली. "पार सडून गेल्ती."

उषाबाई मटकन खाली बसल्या. भाजीची डझनभर केळी गव्हात पुरून त्यांनी बारा दिवस ती काळी व्हायची वाट पाहिली होती. पाहुण्यासाठी ठरवलेला केक काळ्या केळ्यांचाच होतो. पण काळं केळं म्हणजे गायीचं, हे अंबडच्या त्या घरात लहान पोरालाही ठाऊक. सोनूबाईला दोष तरी कसा द्यायचा?

पाहुणा परवा, रविवारी येणार होता.

उषाबाईंचे यजमान पुंजाराम तरुणपणी बोअरच्या गाडीवर कामाला होते. त्या कामापायी उषाबाईंना घरी ठेवून नऊ वर्षं आफ्रिकेत, घानामधल्या कुमासी गावात राहिले. जेवायला आबेना नावाच्या बाईच्या खानावळीत. परत येऊन वीस वर्षं झाली. पण उषाबाई शिरा करोत, लाडू करोत, पुंजाराम खाऊन म्हणायचे, "बरा झाला. पण आबेनाचा केक... अहाहा!" आणि डोळे मिटायचे.

उषाबाईंनी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. तरी वीस वर्षं ती त्यांच्या पंगतीला बसलेली होती. त्यांना तिचा राग यायचा, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हाताचा.

आता आबेनाचा मुलगा क्वामे जालन्याच्या एका बियाणे कंपनीत शिकायला आला होता. पुंजारामांनी त्याला जेवायला बोलावलं. उषाबाईंनी त्याच क्षणी ठरवलं, केक आपण करायचा. आईच्या हाताची चव लेकाशिवाय कोण सांगणार? आबेनापेक्षा चांगला झाला, एवढंच एकदा कानानं ऐकायचं होतं.

शनिवारी सकाळी त्या एस.टी.नं जालन्याला गेल्या आणि मंडईत भाजीवाल्याला म्हणाल्या, "भाजीची केळी पाहिजेत. सडायला आलेली."

"गायीला का, मावशी?"

"न्हाई, पाहुण्याला."

भाजीवाल्यानं आ वासून टोपलीच्या तळातली केळी काढून दिली.

रविवारी नात आकांक्षानं मोबाइलवरून कृती वाचून दाखवली. केळी कुस्करली. मक्याचं पीठ, आलं, लवंग, लाल तिखट.

"आता कांदा," आकांक्षा म्हणाली.

"केकात कांदा? बराबर वाच."

"बराबरच वाचून राह्यले, आजी."

देवाचं नाव घेऊन कांदा पडला. तिकडचं लाल पामतेल मिळेना, तर करडईचं घातलं. कुकरच्या तळाला मीठ पसरलं, रबर आणि शिट्टी काढली आणि डबा आत ठेवला. तासाभरानं वास दारापर्यंत गेला. पुंजाराम ओसरीवरून उठून स्वयंपाकघरात आले, झाकणाकडे बघत उभे राहिले आणि परत ओसरीवर जाऊन बसले.

क्वामे आला. उंचापुरा, हसरा पोरगा. वाकून उषाबाईंच्या पाया पडला. जेवण झाल्यावर त्याच्यासमोर केक आला, वर भाजलेले शेंगदाणे. त्यानं एक घास घेतला आणि थांबला. उषाबाईंचा जीव टांगणीला लागला.

मग त्यानं दुसरा तुकडा उचलला. तिसरा. डोळे पुसत इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

"काय म्हन्तोय?"

"आईची आठवण आली म्हन्तोय," पुंजारामांनी सांगितलं.

"ते न्हाई. आईपेक्षा चांगला का, ते इचारा."

पुंजारामांनी नाइलाजानं विचारलं. क्वामेनं छातीवर हात ठेवला, जोरजोरात मान डोलावली आणि मोठ्यानं हसला. उषाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण मान डोलावलेली कळत होती. वीस वर्षांचं ओझं एका घासासरशी उतरलं. त्यांनी पदरानं तोंड झाकलं आणि पदराआड मनसोक्त हसून घेतलं.

क्वामे मात्र बोलतच राहिला. बोट पुंजारामांकडे दाखवत, कुणाची तरी नक्कल करत. पुंजारामांचं तोंड एवढंसं झालं.

"आता काय म्हन्तोय?"

"हेच की. चांगला झाला म्हन्तोय."

"एवढं लांब?"

"इंग्रजी लांबच अस्ती."

आकांक्षा हसून हसून भिंतीला टेकली होती. "आजी, तो म्हन्तोय, आईला हे सांगायची त्याची बिलकुल हिंमत न्हाई. तिचा आधीच तुझ्यावर लई राग हाये. नऊ वर्षं दर रविवारी तिनं आजोबाला केक खाऊ घातला, अन् दर रविवारी आजोबा डोळे मिटून म्हनायचे, बरा झाला, पण आमच्या उषाच्या धपाट्याची सर न्हाई."