नाव सांगणारा गुलाम

"रोमचं प्रजासत्ताक तलवारीवर नव्हे, नावांवर उभं होतं," असं अनंत सरांनी वर्गाला गंभीरपणे सांगितलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बघून "काय, पटतं ना..." एवढं म्हणाले आणि थांबले. पुढं तिचं नाव यायला हवं होतं. ते आलं नाही. सर खोकले.

पेपर होता प्राचीन रोम, इतिहास आणि समाज यांची तोंडओळख. विद्यार्थी सात. गोवा राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. कोकणी राजभाषा झाली होती, मराठीही चालेल असं ठरलं होतं, परीक्षा इंग्रजीतून होती आणि सर शिकवत मराठीतून. रोमची म्हणून अशी वेगळी अडचण पेडण्यात कुणालाच नव्हती. हजेरी सर नंबरानं घेत. त्याला ते शिस्त म्हणत.

"निवडणुकीला उभा राहिलेला रोमन चौकात हिंडायचा," सर सांगत होते. "येईल त्याला नावानं हाक मारायची, हात हातात घ्यायचा. एवढी नावं लक्षात कोण ठेवणार? म्हणून त्याच्या मागं एक गुलाम चालायचा. समोरून माणूस आला की गुलाम कानात सांगायचा, हा अमुक, याची मुलगी आजारी होती. की मालक विचारणार, काय रे अमुक, मुलगी बरी आहे ना? लोक म्हणायचे, काय स्मरणशक्ती आहे बघा. या गुलामाला म्हणत नोमेनक्लेटर."

वर्ग हसला. या जागी वर्ग दर वर्षी हसे, आणि सरही हसत. यंदा सर हसले नाहीत.

"सर," मागच्या बाकावरून सुदेशनं विचारलं, "सगळ्यांची नावां सांगणाऱ्याचां नाव काय?"

सरांनी पुस्तक चाळलं. मालकांची नावं पानभर होती, एकेकाची तीन-तीन भागांची. गुलामाचं नव्हतं.

"दिलेलं नाही," सर म्हणाले आणि तास दहा मिनिटं आधी सोडला.

अनंत सरांचा नोमेनक्लेटर नार्व्याहून लग्न होऊन आला होता. नाव चंद्रावती. लग्न असो, जत्रा असो, बावीस वर्षं ती सरांच्या अर्धं पाऊल मागं उभी राहिली. "हो सगुण," ती पुटपुटायची. "तुमच्या पयल्या बॅचचो. तेणें गाडी घेतल्या." की सर म्हणणार, "काय सगुण, गाडी कशी चालते?" सगुण कृतार्थ व्हायचा. सरांच्या स्मरणशक्तीची कीर्ती म्हापशापर्यंत पोचली होती. हळूहळू सरांनाही ती आपलीच वाटू लागली होती.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर चंद्रावती वारली. तेव्हापासून सर कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. कॉलेजला जाताना बाजार टाळून काजूच्या बागेतल्या पायवाटेनं जात. काजूला नावानं हाक मारावी लागत नाही. पदेर पूर्वी दारात सहा पाव ठेवायचा, आता दोन ठेवी. त्यातला एक संध्याकाळी शेजारच्या कोंबड्यांना जाई. सर मोठे झाले, ओळख देत नाहीत, असं गावात बोललं जाऊ लागलं. ते सरांच्या कानावर आलं होतं. विसराळू म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हटलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वर्ग रिकामा झाला तरी पहिल्या बाकावरची मुलगी बसून होती. तिच्या हातात कुंकू लावलेली पत्रिका होती.

"आयतवारी माझ्या भयणीचां लगीन, सर. आवयन सांगलां, सरांका घेतल्याबगर येव नको."

"पेपर तपासायचे आहेत," सर म्हणाले.

"परीक्षा अजून झालीच नाही, सर."

"होईल."

मुलीनं पत्रिका टेबलावर ठेवली. "तुम्हाला नावां आठवत नाहीत म्हणून ना?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. खाली म्हापशाची बस माणसं भरत होती. "तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांका म्हायत आसा. आधीपासून."

"खरी स्मरणशक्ती तिची होती," ते शेवटी म्हणाले.

"काकींची?" मुलगी गोंधळली. "काकी नार्व्याच्या. त्या पेडण्यात कुणाला ओळखायच्या, सर? माझी आवय सांगता, काकी मांडवाच्या दारात उभ्या राहायच्या आणि येईल त्याला विचारायच्या. बाये, तुजें नांव कितें गो? सरांक सांगपाक जाय. लोक सांगायचे. कुणी गाडी घेतली, कुणाची म्हैस व्याली, सगळां. मग काकी येऊन तुमच्या मागं उभ्या राहायच्या, आणि लोक फिरून पुढून यायचे."

बावीस वर्षं सगळं पेडणं फिरून पुढून येत होतं. आणि ती फक्त विचारत होती. हे कुणालाही जमण्यासारखं होतं.

त्यांनी चष्मा पुसला. टेबलावरचा उघडा हजेरीपट उगाच जवळ ओढला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग आख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी एका विद्यार्थिनीला विचारलं, "तुझं नाव काय?"

मुलगी सवयीनं उभी राहिली.

"चार नंबर, सर," ती म्हणाली.