सतराव्या शतकातला मुलगा

कॅल्गरीतल्या मराठी मंडळींसमोर प्राध्यापक बळवंतराव सतराव्या शतकातल्या एका इंग्रज रोजनिशीकाराच्या संसाराविषयी बोलत होते. त्याचा पाच वर्षांचा मुलगा तापानं गेला, हे सांगताना नेहमीप्रमाणे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा हॉल हळहळला. मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोला, लताताईंना, मात्र शिसारी आली.

इथं नव्यानंच आलेल्या गुंजननं डोळे पुसत विचारलं, "सर, तुम्हाला मुलं किती?"

"एकही नाही," बळवंतराव म्हणाले. जुन्या मंडळींनी माना खाली घातल्या.

लताताई शेजारच्या तरुणाचा हात धरून उभ्या राहिल्या.



"हा आमचा राजस. यानं आपल्या मित्राशी, कॉन्रॅडशी लग्न केलं, तेव्हा ह्यांनी जिवंतपणीच त्याच्या नावानं आंघोळ केली, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही."