बसलेली माती

“बसलेल्या मातीवर माती घालू नगंस, पोरी,” चिमणाबाई म्हणाल्या, तेव्हा संयोगिता हसली होती. सासूबाईंनी आता कुंड्यांनाही सोवळ्यात बसवलं!

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराच्या गच्चीवर, हिरव्या जाळीआड, दीर सम्राटनं गांजा लावला होता. “वहिनी, माती खाली बसलीय बघा. फुलावर यायच्या आधी काठापर्यंत भरा की,” एवढं सांगून तो गावी, नेसरीला निघून गेला. बॉटनीची पदवी सासरी कामी आली, ती अशी.

तिनं पोतंभर माती घातली. सकाळी कुंड्या पुन्हा निम्म्या. बुडाशी सांडलेलं काहीच नव्हतं. तिनं परत भरल्या. त्या दुपारी वर्षभराच्या लेकीला, मुक्ताला कडेवर घेताना तिची कंबर लचकली.

“अहो, किती जड झालीय ही!”

“दिसतीय तर तेवढीच की,” विश्वजित मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. “तूच जरा व्यायाम कर.”

तिनं माती घालणं थांबवलं. कुंड्या मात्र रिकाम्या होतच राहिल्या, आणि मुक्ता रोज जड होत राहिली. झाडं उघड्या मुळांवर ताठ उभी होती, आणि त्यांना कळ्या धरल्या होत्या.

आज पाळण्याची दोरी तुटली. मुक्ता फरशीवर पडली, तरी जागी झाली नाही. संयोगितानं दोन्ही हातांनी ओढलं, पण लेकरू तसूभर हललं नाही.

“अहो, शेजारच्यांना हाक मारा!”

“आणि गच्ची दिसली म्हंजे?” विश्वजितनं दाराला आतून कडी घातली.

मुक्ताखालच्या फरशीला बारीक तडा गेला.

हे वाचणाऱ्या बायांनो, संयोगिता हात जोडते. तुमचं लेकरू आत झोपलं असेल, तर आत्ता उठा. त्याला एकदा उचलून बघा.