भरलेला सेल

काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून ही ताईचा बॅटरी सेल उघडत होती. पेटीत हवा नाही, नुसता आर्गन वायू. हात घालायचे ते पेटीलाच जोडलेल्या जाड रबरी मोज्यांतून. कोटाच्या बटणाएवढा तो सेल चिमट्यातून सारखा निसटत होता. निसटणारच. हिच्या हाताला गुण नाही, हे प्रयोगशाळेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

पावडर मात्र हिचीच. लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे सरळ सांगायचं तर गंजच, पण काळा, पोकळ गोळ्यांचा, आणि गोळ्या इतक्या बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. बॅटरीत नेहमीच्या ग्राफाइटऐवजी हा गंज घातला तर लिथियम कितीतरी जास्त मावतं. अडचण एकच. लिथियम शिरलं की दाणे फुगतात आणि चार दिवसांत त्यांचा भुगा होतो. पोकळ गोळी आतल्या आत फुगेल, फुटणार नाही, असा हिचा हिशेब. नवरा येईल त्याला कौतुकाने सांगायचा, आमच्या पदरात गंजवाली पडलीय.

पण हिने बांधलेले सेल एकजात मरत गेले. मग हिच्या मार्गदर्शक सरांनी तीच पावडर ताईच्या हाती दिली. ताई म्हणजे प्रयोगशाळेतली हिची सीनियर. डबा वाटून खाणारी, ही रडली की पाठीवरून हात फिरवणारी. ताईचे सेल वर्षभर ठणठणीत चालले. ताईचं नाव झालं. पैसा घालणाऱ्या कंपनीची माणसं सरांशी हसून बोलून गेली.

“अगं, पावडर तुझीच आहे. हात तेवढा माझा,” ताई म्हणायची. आणि ही वेडी त्यावरही खूश व्हायची.

आज हिचा शेवटचा दिवस होता. शाळेत शिकवायचं काम धरलं होतं. तिथे हात थरथरला तरी फळा काही मरत नाही. जाण्याआधी एकदाच बघायचं होतं, ताई पावडरीचा लेप देते तरी कसा. ताई परिषदेला गेलेली. सेल पूर्ण रिकामा केल्याशिवाय उघडायचा नाही, हा ताईचा कडक नियम. ठिणगी उडते म्हणायची. दाखवायची तेव्हाही रिकामा करूनच उघडून दाखवायची, आत काळीकुट्ट चकती. पण रिकामा व्हायला तासन् तास लागतात, आणि आज तेवढा वेळ कुठला? हिने चार्जिंगच्या यंत्रावरून भरलेलाच सेल उचलला होता.

झाकण निघालं. मधला पातळ पापुद्रा हिने अलगद बाजूला केला. खालची चकती सोनेरी होती.

हिने डोळे मिटून उघडले. सोनेरीच.

ही रुजू झाली त्या दिवशी सरांनी याच पेटीसमोर उभं करून बाजारातला एक सेल उघडून दाखवला होता. लिथियम भरलेलं ग्राफाइट असं सोन्यासारखं चमकतं, रिकामं झालं की परत काळं. आणि आपला ऑक्साइड? भरलेला असो की रिकामा, त्याचं तोंड काळंच, असं म्हणून सर स्वतःच्याच विनोदावर हसले होते.

म्हणजे हिची पावडर ताईच्या सेलमध्ये कधी गेलीच नव्हती. वर्षभर बाजारातलं ग्राफाइट चाललं होतं आणि ही आपल्या हातांना शिव्या घालत बसली होती. पाठीवरून फिरणारा तो हात आठवला आणि हिला शिसारी आली. इतकं गोड बोलून गळा कापावा माणसाने?

मग सर आठवले. सर हे खपवून घ्यायचे नाहीत. हिने पेटीतून हात न काढताच त्यांना हाक मारली.

सर शेजारच्या खोलीतून आले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, काचेला नाक लावून बराच वेळ आत पाहत राहिले. हिने चकती चिमट्यात धरून दिव्याखाली नेली. लखलखत होती. हिचा हात जराही थरथरत नव्हता.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला.

“काळीच तर आहे,” ते म्हणाले.