रिअ‍ॅशुअरिंगली

“पुन्हा एकदा घेऊ,” काचेपलीकडून डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला. “मूळ संवादापुढे काय लिहिलंय बघा, रिअ‍ॅशुअरिंगली. आई आहात तुम्ही. मुलाला धीर द्या.”

तिने हेडफोन सारखे केले. पडद्यावरची गोरी आई स्ट्रेचरवरच्या मुलाच्या केसांतून हात फिरवू लागली.

“डोळे मिट, राजा. उठशील तेव्हा मी इथेच असेन.”

“छे! बातम्या वाचताय का?”

“ही ओळ बदलता येईल?”

“तिच्या ओठांना इतकी चपखल बसलीय. कशाला बदलायची?”

दिग्दर्शक नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन थिएटरच्या दारात ट्रॉली थांबवून ती स्वतःच्या मुलाला असंच म्हणाली होती. मग ती तिथेच, दारासमोरच्या बाकावर बसून राहिली. तो उठला नाही. त्यानंतर आज ती पहिल्यांदा माइकसमोर उभी होती.

पुढच्या टेकलाही आवाज कोरडाच आला. दिग्दर्शक वैतागला.

“अहो बाई, त्या पोराला खरं वाटलं पाहिजे!”

“वाटलं होतं,” ती माइकमध्ये म्हणाली. “लगेच डोळे मिटले त्याने.”