एकाच नावाची दोन

"बघ ना गं ताई," म्हणत धाकटीने लॅपटॉप थोरलीच्या पुढ्यात सरकवला. "सकाळपासून डोकं खाल्लंय यानं. उद्या नोकरीचा पहिला दिवस आणि माझा कोड लिहायचा एडिटरच धड चालत नाहीये."

"काय करत नाही?"

"फंक्शनच्या नावावर कळ दाबली की ते जिथे लिहिलंय तिथे कर्सरने उडी मारायला हवी. त्यासाठी नावांची सूची करणारं टूल लागतं, ते काल टाकलं. तरी दर वेळी म्हणतं, हा पर्याय मला माहीत नाही."

एवढं सांगून ती पलीकडच्या टेबलावर उद्याचा शर्ट इस्त्री करायला गेली. कंपनीचं ओळखपत्र तिने घरातच गळ्यात घातलं होतं. वाकलं की ते शर्टावर यायचं. ती ते मागे सारायची, पण काढत नव्हती.

ताईने टर्मिनल उघडलं. सहा वर्षांत तिने त्या काळ्या खिडकीत एक अक्षर टाइप केलं नव्हतं, पण बोटं विसरली नव्हती. तिने मशीनला विचारलं, या नावाचं टूल कुठे कुठे आहे? दोन ओळी आल्या. एक टूल मशीनबरोबरच आलेलं, जुनाट, दुसरं कालचं. नाव एकच. मशीनला जुनं आधी सापडत होतं आणि ते तिथेच थांबत होतं. शोधायचा क्रम बदलला की झालं. एका ओळीचं काम.

"कळलं काही?" धाकटीने तिकडूनच विचारलं.

ताईने स्क्रीनवरच्या त्या दोन ओळी पुसून टाकल्या. "गुंतागुंतीचं दिसतंय. बघते."

मग ती सेटिंगच्या फायली उघडत आणि मिटत बसली. धाकटी मधूनमधून येऊन खांद्यावरून डोकावायची, दहावीच्या गणितांना यायची तशी. ताईला बरं वाटत होतं. अजून दहा मिनिटांनी सांगू, असं तिने ठरवलं.

"मला खिडकीजवळची जागा दिलीय," धाकटी म्हणाली. "आणि दोन स्क्रीन."

"छान," ताई म्हणाली आणि तिने आणखी एक फाइल उघडली.

तास उलटून गेला. उद्याची वेळ सांगायला टीम लीडचा फोन आला. धाकटीने तो स्पीकरवर टाकला आणि बोलता बोलता एडिटरचं रडगाणंही गायलं.

"माझी ताई कधीची बघतेय. पूर्वी हेच काम करायची ती. पण तिलाही कळत नाहीये."

ताईने मान वर केली. बोलायला तोंड उघडलं. आता सांगावं, तर इतका वेळ काय करत होतीस, हे आलंच. तिने आणखी एक फाइल उघडली.

"त्या नावाची दोन टूल असतील," फोनमधला आवाज म्हणाला. "जुनं आधी सापडत असेल. क्रम बदल." त्याने ओळ सांगितली, धाकटीने उभ्या उभ्याच टाइप केली. कळ दाबताच कर्सर नेमक्या जागी जाऊन उभा राहिला. "ताईंना सांग, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. पटकन लक्षात येत नाही हे कुणाच्या."

फोन ठेवून धाकटी ताईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिने ताईच्या हातावर हात ठेवला.

"असू दे गं. किती वर्षं झाली तुला हे काम सोडून. थांब, मी समजावते. अगदी सोपं आहे."

आणि तिने सावकाश, बोटाने एकेक ओळ दाखवत सगळं सांगितलं. मध्ये थांबून, "इथपर्यंत कळलं?" असंही विचारलं.

"हं," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.