मालक कोण?

येरमाळ्याच्या नव्या सडकेवर खडी फोडायला कामाचा ठेका घेतलेल्या लालमहंमद गुत्तेदारानं धुळाप्पा मुकादमाकडून बाया-माणसं मागवली होती. काम रंगात आलं तेवढ्यात करवसुलीचे साहेब सायकलीवरून उतरले आणि त्यांनी नव्या राज्याचा नवा कायदा सांगितला. "रोजंदारीच्या माणसांमागं मालकानं कर भरायचा. ह्यांचा मालक कोण?"

"माणसं मुकादमानं आणली, साहेब. त्यालाच इचारा," गुत्तेदारानं हात झटकले.

धुळाप्पानं मनात हिशेब केला. कर अंगावर पडला तर हंगामाची कमाई धुऊन जाणार होती. पटका सावरत तो सगळ्या सडकेला ऐकू जाईल असा ओरडला, "म्या नुसती माणसं आणून घातली, साहेब! ह्यातल्या कुणाचाबी मालक म्या न्हाय. येडेश्वरीची आन घेतो!"

खडीच्या ढिगावर एक हातोडी थांबली. मुकादमाची बायको म्हाळसाबाई पदर खोचत उठली. "कुणाचाबी न्हाय? बरं झालं, चारचौघांत सांगितलं. मग आजपास्नं भाकरी कुठं मिळती ते बघा."

 

धुळाप्पानं घाईघाईनं साहेबांपुढं हात जोडले. "साहेब, एकीचा हाय. तेवढ्या एकीचा कर लावा."